व्हीएचएसवरचं दशावतार, आजीच्या ओव्या आणि सीआरएफचा आकडा : किती ठेवावा?

तिरफळ
नमस्कार मंडळी,

मे महिन्यात कुडाळच्या घरी माळा आवरताना बाबांनी जपून ठेवलेल्या चौदा कॅसेट मिळाल्या. अकरा व्हीएचएस, तीन मिनीडीव्ही. १९९३ ते २००४ या काळातलं चित्रीकरण. दोन व्हीएचएसवर पांढरी बुरशी दिसते, त्या अजून व्हीसीआरमध्ये घातलेल्या नाहीत. उरलेल्या नऊ व्हीएचएस उतरवून घेतल्या, साधारण अकरा तासांचा ऐवज झाला.

त्यात दोन गोष्टी आमच्यासाठी अमोल आहेत. एक म्हणजे जात्यावर बसून ओव्या म्हणणारी आजी. ती २००१ मध्ये गेली, आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. दुसरं, गावच्या जत्रेतलं दशावतार. रात्रभर चाललेलं, दोन ट्यूबलाइट आणि एका हॅलोजनच्या उजेडात घेतलेलं.

फाइली सध्या लॉसलेस (चित्रातलं काहीच न गमावता) ठेवल्या आहेत, तासाला ३० जीबीच्या आसपास जातात. आता आठ चुलत-मावस भावंडांना पेन ड्राइव्हवर द्यायच्या आहेत. हँडब्रेक या व्हिडिओ दाबायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ (एच२६४ पद्धतीनं दाबणारा एन्कोडर) आणि आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, २२ ठेवून एक कॅसेट केली, आणि मन खट्टू झालं. आजीचा चेहरा मेणाचा झाला. तिच्या लुगड्याच्या बारीक चौकड्या हलताना दातेरी दिसतात. दशावतारात राक्षस अंधारातून पुढं येतो तिथं मागच्या काळोखाचे चौकोन पडतात.

२००९ मध्ये एका दुकानात लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर करायला दिली होती. त्यांनी तीन तास एकाच डिस्कवर कोंबले आणि मूळ फीत सुरकुतलेली परत केली. म्हणून या खेपेला सगळं स्वतः करायचं ठरवलंय.

प्रश्न असे : आकडा किती ठेवू? एच२६५ ही नवी पद्धत घेऊ का? आणि हे चौकोन आकड्यानं जातील की आणखी काही करावं लागेल?

---

चौकट
तिरफळ, आधी मनापासून शाबासकी, लॉसलेस उतरवून घेतलंत याबद्दल. माझी पंधरा वर्षं संकलनाच्या टेबलावर गेली. लोक माझ्याकडे येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा दोनदा दाबलेली एमपी४ असते, आणि त्यातून गेलेलं परत आणता येत नाही.

आता आकडा म्हणजे काय ते. एन्कोडर चित्राचे छोटे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधाराच्या चढउतारांचे आकडे काढतो आणि ते एका मापानं मोजतो. आपल्याकडं भात पायलीनं मोजायचे तसं समजा. माप पायलीचं असेल आणि भरलेल्या पायल्याच तेवढ्या लिहायच्या असतील, तर वर उरलेलं चिपटंभर सांडून जातं. माप चिपट्याचं घेतलं तर सांडणं कमी, पण लिहायला आकडे जास्त, म्हणून फाइल मोठी. सीआरएफ म्हणजे हे माप किती मोठं घ्यायचं याची सूचना. हँडब्रेकमधलं आरएफ ते हेच. आकडा लहान तेवढं माप लहान.

सांडतं काय, तर ज्याचा चढउतार मुळातच थोडा आहे ते. चेहऱ्यावरची फिकट सुरकुती, काळोखातला मंद उजेड. लुगड्याच्या काठाला काही होत नाही, कारण तिथला फरक ठसठशीत असतो. तुमच्या आजीचा चेहरा मेणाचा का झाला याचं उत्तर यातच आहे.

सीआरएफ सगळ्या फ्रेमना एकच माप लावत नाही. जिथं हालचाल जोरात आहे, डोळा बारकाव्यावर ठरत नाही, तिथं माप मोठं करतो. जिथं चित्र संथ आहे तिथं लहान. म्हणून फाइल किती मोठी होईल ते आधी सांगता येत नाही. दर्जा साधारण एका पातळीवर राहतो आणि आकार हवा तसा बदलतो.

एक्स२६४ मध्ये ० ते ५१ अशी पट्टी आहे, काही न सांगितलं तर २३. ढोबळ हिशेब असा की आकडा ६ नं उतरवला की फाइल जवळपास दुप्पट होते आणि ६ नं चढवला की निम्मी. ५७६ ओळींच्या, म्हणजे तुमच्या कॅसेटसारख्या, चित्रासाठी हँडब्रेकवाले १८ ते २२ सुचवतात, १०८० साठी २० ते २४. लहान चित्राला लहान आकडा का? कारण ते ५५ इंची पडद्यावर ताणून बघितलं जातं आणि प्रत्येक चूक ताणूनच दिसते.

'१८ म्हणजे लॉसलेस' हे वाक्य सगळीकडं फिरतं, ते चूक आहे. १८ ला बहुतेकांना मुळातला फरक ओळखू येत नाही एवढंच. नुकसान झालेलं असतंच.

आणि आकडे एका एन्कोडरचे दुसऱ्याला लावू नका. एक्स२६५ (एच२६५ चा एन्कोडर) चा पूर्वनियोजित आकडा २८ आहे, एव्ही१ या आणखी नव्या पद्धतीच्या एसव्हीटी एन्कोडरची पट्टी तर ५१ च्याही पुढं जाते. ग्राफिक कार्डातल्या एन्कोडरचा दर्जाचा आकडा 'सीक्यू' ही तर वेगळीच जात.

तुम्ही आता एवढंच करा : सगळ्यात अवघड एक मिनिट निवडा. राक्षस काळोखातून येतो तेच. तेवढाच तुकडा पाच आकड्यांनी काढून बघा. अकरा तासांवर प्रयोग करू नका.

---

निळासावळा
मी सीआरएफच्या फंदात पडत नाही. टू-पास (आकार आधी ठरवून दोन फेऱ्यांत दाबणं), ४००० केबीपीएस म्हणजे सेकंदाला ४००० किलोबिट, विषय संपला. आकार आधीच कळतो, पेन ड्राइव्हवर किती मावेल याचा हिशेब करता येतो.

---

चौकट
निळासावळा, टू-पास वाईट नाही. एकाच आकाराच्या दोन फाइली काढल्या, एक सीआरएफनं आणि एक टू-पासनं, तर दर्जा जवळपास सारखाच येतो. जागा ठरलेली असेल तेव्हा टू-पास घ्यावाच. डीव्हीडीचं उदाहरण घ्या. ४.७ जीबीची डिस्क आणि दोन तासांचा मजकूर असेल तर सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट येतात. तीन तास घातले तर ३.५ च्या खाली. व्हीएचएसवरच्या मुंग्यांसकट तीन तास एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या जुन्या पद्धतीत एका डिस्कवर घातले की चौकोन पडणारच. तिरफळ यांच्या त्या दुकानात हेच झालं असणार.

पण त्यांच्याकडं जागा ठरलेली नाही. आजीची ओवी म्हणजे एकाच जागी ठेवलेला कॅमेरा, तिला २००० पुरेल. दशावतारातल्या लढाईला ६००० लागतील. दोन्ही वेगवेगळ्या फाइली असताना दोघींना ४००० दिले की एकीकडं वाया जातात आणि दुसरीकडं अपुरे पडतात. फाइल एकच असती तर टू-पासनं इकडचे तिकडे केले असते, फाइली वेगळ्या असल्या की त्याला ते जमत नाही.

---

माजघर
तिरफळदादा, आकड्याआधी एक गोष्ट बघा. लुगड्याच्या चौकड्या 'दातेरी' दिसतात म्हणालात. तो दोष सीआरएफचा नाही, इंटरलेसिंगचा आहे. आकडा १० केलात तरी तो जाणार नाही, उलट जास्त स्पष्ट दिसेल.

आपल्याकडचं जुनं चित्रीकरण पाल पद्धतीचं. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींच्या मध्ये १/५० सेकंदाचं अंतर. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुन्या डब्बा टीव्हीला हे हवंच असायचं. आजच्या पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दाखवली की हलणाऱ्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. एन्कोडरला हे दात म्हणजे बारीक तपशील वाटतात, आणि तो बिचारा सगळे बिट्स त्यांवर खर्च करतो. आजीच्या चेहऱ्याला उरतं काय?

हँडब्रेकमध्ये फिल्टर्सखाली डीइंटरलेस म्हणून आहे. यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ घ्या, त्यात 'बॉब' निवडा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. नुसतं साधं डीइंटरलेस केलंत तर अर्ध्या चित्रांतलं निम्मं फेकलं जाऊन २५ फ्रेम उरतात आणि हालचाल अडखळते. बॉबनं पन्नासच्या पन्नास क्षण टिकतात. दशावतारातली गिरकी, जात्याच्या खुंट्यावरचा हात, यांची मूळची सलग लय त्या ५० मध्येच आहे. माझ्या आईच्या मंगळागौरीच्या कॅसेटची मी पहिल्यांदा २५ केली होती. फुगडी बघवेना. ५० केल्यावर आई म्हणाली, 'आता आम्ही खरंच फिरतोय.'

फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रमही तपासा. हलणारा माणूस पुढं-मागं थरथरताना दिसला तर क्रम उलटा धरला गेलाय. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. अॅनालॉग उतरवलेल्यात बहुतेकदा वरचं आधी, पण ते कॅप्चरच्या डबीवर (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणाऱ्या यंत्रावर) अवलंबून.

याहून चांगलं हवं असेल तर क्यूटीजीएमसी नावाची स्क्रिप्ट आहे, व्हेपरसिंथ किंवा एव्हीआयसिंथ या व्हिडिओ सुधारायच्या प्रोग्राममध्ये चालते. वेळ खूप खाते, पण व्हीएचएसला तिच्या तोडीचं मी दुसरं पाहिलेलं नाही. आजीच्या कॅसेटपुरती तरी करून बघा.

---

तिरफळ
माजघरताई, काल रात्री बीडब्ल्यूडिफ आणि बॉब करून बघितलं. आकडा २२ च ठेवला होता. लुगडं स्थिर झालं! चेहराही थोडा बरा वाटतोय. काळोखातले चौकोन मात्र आहेत तसेच.

आणखी एक दिसलं. चित्राच्या तळाला पाचसहा ओळींची सतत वळवळणारी पट्टी आहे. ती कसली?

---

माजघर
व्हीसीआरच्या फिरत्या हेडमध्ये दोन डोकी असतात. एकाकडून दुसऱ्याकडं जाताना जो गोंधळ होतो तो त्या ओळींत उमटतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती पट्टी झाकलेली असायची, म्हणून तेव्हा कुणाला दिसली नाही. ती कापा. शुद्ध खळबळ आहे ती, आणि एन्कोडर दर फ्रेमला तिच्यावर बिट्स उधळतो. फक्त हँडब्रेकच्या आपोआप कापण्यावर विसंबू नका, अंधाऱ्या दृश्यात ते भलतीकडं कापू शकतं. हातानं आकडे द्या, सम संख्येत.

आणि ७२० बाय ५७६ चं चित्र दाखवताना ४:३ मध्ये बसलं पाहिजे. या चित्राचे पिक्सेल चौरस नसतात. ते प्रमाण फाइलमध्ये नोंदलेलं नसलं की सगळे नातेवाईक आडवे होतात किंवा उंच.

---

खारवा
सगळं वाचलं, पण आजच्या घडीला एच२६४ का? ते मानक २००३ चं. एच२६५ २०१३ मध्ये आलं, एव्ही१ २०१८ मध्ये. मी स्टुटगार्टला असतो, सगळा संग्रह एक्स२६५ च्या १०-बिटमध्ये केलाय. काळोखातल्या चौकोनांवर आणि पट्ट्यांवर १०-बिट हाच खरा इलाज. ८-बिटमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. मूळ चित्र ८-बिट असलं तरी आतला हिशेब जास्त पायऱ्यांत होतो, म्हणून काळोखाचा उतार तुटत नाही. मी आकडा २० ठेवतो. २८ वर जाऊ नका.

---

चौकट
खारवा, १०-बिटबद्दल पूर्ण सहमत. माझी अडचण वेगळी आहे. ही फाइल आठ घरांत जाणार. एखाद्या काकूंकडं २०१३ चा टीव्ही असेल, त्यात पेन ड्राइव्ह लावला जाईल, आणि 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' असं आलं की तो पेन ड्राइव्ह कायमचा कपाटात जाईल. ८-बिट एच२६४ गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक टीव्हीवर, फोनवर चालतं. एच२६५ नव्या यंत्रांवर चालतं, त्यातलं १०-बिटही. पण १०-बिट एच२६४ टीव्हीत चालेल अशी आशा धरू नका, ते बहुतेक चिप्सना येतच नाही.

दुसरं, एक्स२६५ ची सवय चित्र गुळगुळीत करण्याची आहे. निवळ एचडी चित्रात ते खपून जातं. व्हीएचएसच्या मुंग्यांत आणि चेहऱ्याच्या पोतात त्याला फरक करता येत नाही, दोन्ही पुसतं. आणि मुळात वाचणार किती? ५७६ ओळींच्या फाइली काही ४के नाहीत.

तिरफळ, एक सापळा सांगून ठेवतो. तुमची लॉसलेस फाइल ४:२:२ रंगाची, म्हणजे ४:२:० च्या दुप्पट रंगतपशिलाची, असेल. हँडब्रेक आपसूक ४:२:० करतो. पण कधी थेट एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या साधनानं केलंत आणि पिक्सेल फॉरमॅट सांगितला नाहीत, तर एक्स२६४ ४:२:२ च ठेवतो. लॅपटॉपवर छान दिसतं, टीव्हीवर नुसता आवाज येतो.

---

खारवा
आठ घरांचा मुद्दा मान्य. माझ्या घरात मीच बघणारा, म्हणून तो डोक्यात आला नाही. मग एच२६४ मध्येच काळोखासाठी एक्यू-मोड (चित्राच्या कुठल्या भागाला किती बिट्स ते ठरवणारा पर्याय) ३ करून बघा. एरवीचा एन्कोडर काळोख्या भागाकडं कानाडोळा करतो; हा मोड मुद्दाम तिकडं जास्त बिट्स वळवतो. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबखाली जादा पर्यायांची चौकट आहे, तिथं लिहायचं. दशावतारासाठी हे जमून येईल असं वाटतं.

---

रातराणी
मुंग्यांचा विषय निघालाच आहे तर. व्हीएचएसवर मुळात चित्राचा तपशील फार नसतो, आडव्या दिशेनं साधारण २४० ओळींइतकाच. बाकी जे हलताना दिसतं त्यात फितीची खरखर बरीच. ही खरखर दर फ्रेमला नवी असते, मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखायची एन्कोडरची सगळी युक्ती तिथं फसते. म्हणून आधी एनएलमीन्स किंवा एचक्यूडीएन३डी ही खरखर काढणारी गाळणी लावा, मग तोच आकडा अर्ध्या जागेत बसतो. मी नेहमी 'मध्यम' लावते.

---

माजघर
रातराणी, इथं माझा ठाम विरोध. मध्यम एनएलमीन्सनं म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. सुरकुत्या आणि खरखर एकाच जाडीच्या असतात. फिल्टरला आजी ओळखता येत नाही. तिरफळदादांची पहिली तक्रारच 'चेहरा मेणाचा झाला' ही होती.

---

रातराणी
मान्य, चेहरा जवळून असेल तर नको. पण दशावतारात कॅमेरा मागं प्रेक्षकांत आहे, चेहरे बोटाएवढे. तिथं काळोखातली लाल-निळी रंगीत खरखर कुणाला हवीय? मी म्हणेन, प्रत्येक कॅसेटला वेगळं धोरण ठेवा. रात्रीच्या खेळाला 'हलकं', ओव्यांना काहीच नाही.

---

माजघर
हे पटलं. हलकं चालेल. आणि गाळणी लावलेली प्रत वाटायची, ठेवायची मात्र गाळणीविना. पुढं याहून चांगली अवजारं येतील तेव्हा मूळ हाताशी हवं.

---

निळासावळा
एन्कोडरची ट्यून ग्रेन ही तयार जुळणी कुणी सांगितली नाही? खरखर टिकवायची असेल तर तेच ना?

---

चौकट
ते फिल्मच्या दाण्यासाठी आहे. सिनेमाच्या रिळावरचा दाणा हा चित्राचा भाग मानला जातो, तो टिकावा म्हणून ती जुळणी. त्यानं फाइल बरीच फुगते. व्हीएचएसची खरखर टिकवण्यासाठी एवढी जागा देणं मला पटत नाही. ओव्यांच्या कॅसेटला ट्यून फिल्म करून बघा, कडा पुसण्याचा जोर थोडा कमी होतो.

प्रीसेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून : 'स्लो' घ्या. प्रीसेट म्हणजे एन्कोडरनं शोधाशोध किती करायची. 'व्हेरीस्लो'नं वेळ खूप वाढतो, हाती थोडं लागतं. 'प्लासीबो'चं नावच बोलकं आहे. आणि प्रीसेट बदलला की त्याच आकड्याचा अर्थही थोडा सरकतो, म्हणून आधी प्रीसेट पक्का करा, मग आकडा शोधा.

---

खारवा
आकडा डोळ्यांनीच ठरवायचा का? नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये व्हीमॅफ हे दर्जा मोजायचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. मूळ आणि दाबलेली फाइल दिली की १०० पैकी गुण देतं.

---

चौकट
व्हीमॅफ मी वापरतो, पण धुतल्या तांदळासारख्या एचडी मजकुरावर. त्याचं नेहमीचं मॉडेल १०८० च्या टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला धरून शिकवलेलं आहे. शिवाय ते मुळाशी तुलना करतं. इथं मुळातच खरखर आहे, म्हणजे खरखर जपली की गुण वाढणार आणि हलकं गाळून चित्र सुधारलं की कमी होणार. आजीला ओळखणारा माणूस शेजारी बसवा आणि त्याला विचारा.

---

सूरपेटी
चित्रावर एवढं बोलणं झालं, पण ओव्या ऐकायच्या आहेत ना? आवाजाकडं बघा. चित्र सेकंदाला चारपाच मेगाबिट घेतं, आवाज त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्यात बसतो. तिथं काटकसर करण्यात अर्थच नाही. एएसी या आवाज दाबायच्या पद्धतीत १९२ केबीपीएस ठेवा. जात्याची घरघर हा व्यापक, सलग आवाज आहे. कमी बिटरेटला तो पाण्याखाली गेल्यासारखा बुडबुडतो आणि आजीचा सूर त्यात ओढला जातो. ९६ वर एकदा ऐकून बघा, लगेच कळेल.

कॅप्चरमध्ये दोन वाहिन्या असल्या तरी साध्या व्हीसीआरचा आवाज मोनोच असतो. एका बाजूला जास्त खरखर असेल तर चांगली बाजू दोन्हीकडं घ्या. आणि लॉसलेस प्रतीतला आवाज पीसीएमच (न दाबलेला) असू द्या, ४८ किलोहर्ट्झ.

आवाजाला नॉइज रिडक्शन लावायचा मोह होईल. जात्याचा आवाज काढू नका. ओवी त्याच्या लयीत बांधलेली असते.

---

तिरफळ
मंडळी, आठवडाभर रात्री बसून केलं. निकाल देतो, कुणाला उपयोग होईल.

ओव्यांच्या कॅसेटमधलं एक मिनिट घेतलं. आजी कॅमेऱ्याकडं तोंड करून बसलीय, दारातून ऊन येतंय. बॉब करून ५० फ्रेम, तळाची पट्टी कापलेली, एक्स२६४, स्लो, ट्यून फिल्म, गाळणी नाही. त्या एका मिनिटाची फाइल अशी आली :

१६ ला ५८ एमबी
१८ ला ४५
२० ला ३५
२२ ला २७
२४ ला २१

म्हणजे चौकटदादांचा सहाचा हिशेब जवळपास बरोबर उतरला.

फाइलींची नावं बदलून क ख ग घ ङ केली आणि आईला टीव्हीसमोर बसवलं. तिला काहीच सांगितलं नाही, फक्त कुठली बरी वाटते ते विचारलं. १६, १८ आणि २० यांत तिला फरक सांगता आला नाही. दोनदा उलटसुलट लावूनही नाही. २२ ची लावली आणि ती पुढं सरकून म्हणाली, 'ह्यात सासूबायचा गोंदण खंय गेला?'

आजीच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. फिकट झालेलं, हिरवट. मी इतके दिवस सुरकुत्या बघत होतो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागं जाऊन बघितलं तर २० ला ठिपके आहेत, २२ ला तिथं नुसती सावली आहे. २४ ला तीही नाही.

म्हणून ओव्यांना १८ ठरवलं. २० पुरलं असतं, पण ती एकच कॅसेट आहे, सव्वा तासाची. थोडी जागा जास्त गेली तरी जाऊ दे.

दशावताराला : २०, एक्यू-मोड ३, एनएलमीन्स हलकं. रातराणीताई, तुमचं बरोबर ठरलं. काळोखातली रंगीत खरखर गेली आणि राक्षस येतो तिथले चौकोनही. एक्यू-मोडशिवाय त्याच आकड्याला थोडे दिसत होते. मिनिटाला ३५ च्या जागी २२ एमबी आले. संकासुराच्या काळ्या कपड्याची कड पहिल्यांदा नीट दिसली. बाबा म्हणाले, त्या रात्री प्रत्यक्षातही एवढं दिसलं नव्हतं.

बाकी लग्नं, मुंज, गणपती यांना सरसकट २०.

---

चौकट
आईंनी जे केलं ते कुठल्याही गुणपत्रिकेला जमलं नसतं. फिकट गोंदण म्हणजे आजूबाजूच्या कातडीहून जेमतेम वेगळा रंग. मोठ्या मापात सर्वात आधी तेच सांडतं.

आता वाटपाचं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. तीन तासांची कॅसेट अखंड ठेवू नका, प्रसंगाप्रसंगानं तोडा, बघणाऱ्यालाही सोयीचं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते स्वतः पुन्हा दाबतं आणि गोंदण परत जाईल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं.

यूट्यूबवर खासगी लिंक ठेवणार असाल तर तिथंही पुन्हा एन्कोड होतं. त्यांना या वाटपाच्या फाइली देऊ नका. लॉसलेसवरून १४ किंवा १५ आकड्याची वेगळी प्रत काढा, आणि चढवण्याआधी चित्र १४४० बाय १०८० पर्यंत मोठं करा. तपशील त्यानं वाढत नाही. पण एसडी (कमी ओळींचं) म्हणून चढवलेल्याला यूट्यूब फार कमी बिट्स देतं, मोठ्या चित्राला जास्त. १०८० पर्यंत नेलं की ५० फ्रेमही टिकतात. ४८० ला चढवलं तर त्या निम्म्या होतात.

---

निळासावळा
तीन मिनीडीव्ही राहिल्या ना? त्यांना आकडा किती?

---

माजघर
त्यांना आकडाच नको. मिनीडीव्हीवर आधीच डिजिटल फाइल आहे. फायरवायर या कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलनं उतरवली की फितीवरचेच बिट्स जसेच्या तसे येतात, तासाला साधारण १३ जीबी. तीन कॅसेटचे ४० जीबी. तीच मूळ प्रत म्हणून ठेवा, पुन्हा दाबू नका. उतरवायला लिनक्सवर डीव्हीग्रॅब, विंडोजवर विनडीव्ही. फक्त वाटायच्या प्रतीसाठी व्हीएचएससारखंच डीइंटरलेस आणि १९-२०. कॅमेऱ्याच्या पिवळ्या पिनेतून अॅनालॉग काढून परत कॅप्चर करू नका, काही जण तसं करतात आणि हातचं घालवतात.

लॉसलेस व्हीएचएसही एफएफव्ही१ या लॉसलेस पद्धतीत, एमकेव्ही फाइलच्या डब्यात ठेवा. पुराभिलेख सांभाळणाऱ्या संस्था तेच वापरतात, आणि २०२१ पासून त्याचा लिखित तपशील प्रसिद्ध आहे, म्हणजे एखादी कंपनी बंद पडली म्हणून फाइल उघडणं बंद होणार नाही. ३३० जीबी आणि हे ४०. दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडं ठाण्याला, दुसरी दुसऱ्या शहरात.

---

तिरफळ
दुसरी पणजीला धाकट्या आत्याकडं ठेवतोय. फायरवायरचा जुना लॅपटॉप एका मित्राकडं मिळाला.

राहता राहिल्या बुरशीच्या दोन. एकीवर बाबांच्या अक्षरात 'आईचे वर्षश्राद्ध' लिहिलंय, म्हणजे २००२. दुसरीवरचं लेबल वाळवीनं खाल्लंय. एकदा व्हीसीआरमध्ये घालून बघावी का?

---

चौकट
अजिबात नको. बुरशी हेडवर बसते, आणि मग त्याच व्हीसीआरमध्ये जाणारी प्रत्येक कॅसेट बाधते. नवा व्हीसीआर मिळायचा नाही, जगातल्या शेवटच्या उत्पादकानं २०१६ च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. दोन्ही वेगवेगळ्या पिशवीत घाला, सिलिका जेलच्या पुड्या टाका, कोरड्या जागी उभ्या ठेवा. पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका. दिवाळीनंतर माझ्याकडं घेऊन या, साफसफाईसाठी वेगळं ठेवलेलं एक जुनं यंत्र आहे. फीत रिकाम्या खोक्यात बदलून घेऊ, हातानं पुसू, आणि एकदाच चालवू. कॅप्चर पहिल्या फेरीतच सुरू असलं पाहिजे, दुसरी फेरी मिळेलच असं नाही.

---

तिरफळ
येतो. लेबल गेलेली आधी करू. आई म्हणते तिच्यात आजी चालताना असेल.

ओव्यांची १८ ची फाइल आता लावून झोपतोय, माझ्या लॅपटॉपवर दीड तास दाखवतोय.